खान्देशात तंबू टाकले, आता पाहुणे कुठून आणायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातपुड्याच्या पायथ्याशी, केळीच्या बागेला लागून पाहुण्यांच्या मुक्कामासाठी आमचे पाच तंबू आहेत. सुरुवात तिनावर केली होती. आठ-पंधरा दिवसांत एखादा तरी फोन येतोच. कधी शिरपूरहून, कधी चाळीसगावहून, कधी पुण्यातली नोकरी सांभाळत वडिलांच्या शेतात काहीतरी उभं करू पाहणाऱ्या पोराचा. तंबू कुठून घेतले, कापड किती वर्षं टिकतं हे विचारून झालं की गाडी शेवटी एकाच फाट्यावर येऊन थांबते: भाऊ, गिऱ्हाईक कुठून आणता? त्या फोनांवर दिलेली उत्तरं इथे लिहून काढली आहेत. आमच्या भागात जे चाललं तेवढंच लिहिलंय. कोकणात, लोणावळ्यात वेगळं चालत असेल.

"ग्लॅम्पिंग" म्हटलेलं लोकांना कळतं का?

निम्म्यांना कळतं. आमच्या मोठ्या काकांनी पहिल्यांदा शब्द ऐकला तेव्हा विचारलं, "म्हणजे लायटिंग का रे?" पुण्या-सुरतेची पोरं मोबाइलवर हाच शब्द टाकून शोधतात, त्यामुळे गुगलवर आणि इन्स्टाग्रामवर तो असू द्या. पण पैसे देणारे वडील "फॅमिलीसाठी फार्म हाउस" असं काहीतरी शोधत असतात. त्यांना फोनवर सरळ सांगा: तंबूत मुक्काम, आत पलंग-गादी, पंखा, चार्जिंगची सोय, मागेच संडास-बाथरूम. एवढ्यात त्यांचं चित्र पूर्ण होतं.

आपल्या खान्देशात फिरायला येतं कोण? लोक तर महाबळेश्वरला जातात.

हा प्रश्न मलाही दोन वर्षं छळत होता. मी मुंबईच्या गिऱ्हाइकाच्या मागे लागलो होतो. मुंबईकराला आपल्याकडे यायला रात्रभराची रेल्वे किंवा सात-आठ तासांची गाडी. शनिवार-रविवारसाठी तो कशाला येईल? त्याच्या दारात कर्जत आहे, अलिबाग आहे.

मग एक दिवस नकाशा घेतला आणि आमच्या गावाभोवती चार तासांच्या गाडीचं वर्तुळ काढलं. तुम्हीही काढा. जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार, मालेगाव ही आपली शहरं त्यात येतातच. मग नाशिक आणि छत्रपती संभाजीनगर. रावेरपलीकडे बऱ्हाणपूर. शिरपूरकडे असाल तर सेंधव्यावरून इंदूर, नवापूर-नंदुरबारकडे असाल तर सुरत. या वर्तुळातल्या शहरांत पैसा आहे, गाड्या आहेत, आणि जवळपास मोकळी हवा मिळेल अशी ठिकाणं फार नाहीत. आमचे बहुतेक पाहुणे याच वर्तुळातले. सगळ्यात जास्त कोण, तर जळगाव आणि भुसावळचे. घरापासून दीड तासावर, पोरांना शेत दाखवायचंय, रात्री शेकोटी करायचीय, दुसऱ्या दिवशी दुपारी घरी. ज्याला आपण गावचाच माणूस म्हणून गिऱ्हाइकात धरत नाही, तोच खरा गिऱ्हाईक निघाला.

सुरतेकडच्या पाहुण्यांचं कॅलेंडर वेगळं असतं, ते पाठ करा. दिवाळीच्या आठवड्यात सुरतकर घरात थांबत नाही. नवरात्रात मात्र गरबा सोडून तो कुठेही येणार नाही, आणि 14-15 जानेवारीला पतंग सोडून तर नाहीच नाही. त्या दोन दिवसांच्या जाहिरातीवर मी एकदा पैसे उडवले, पतंगासारखेच.

आणि हो, "जैन जेवण मिळेल" हे तीन शब्द गुगलवर, इन्स्टाग्रामवर, फोनवर, सगळीकडे लिहा. कांदा-लसणाशिवाय शेवभाजी कशी होते हे घरातल्या बायकांना आधी पटवावं लागेल, ते तुमचं तुम्ही बघा.

उन्हाळ्यात काय करायचं? मे महिन्यात सगळ्यांना सुट्ट्या असतात.

बंद ठेवा.

भुसावळ-जळगावचा मे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पारा 45 च्या पुढे जातो आणि तंबूचं कापड दुपारी तव्यासारखं तापतं. दुसऱ्या वर्षी मी हावरटपणा केला. कूलर लावले आणि मुंबईच्या एका कुटुंबाला बोलावलं. दुपारी दोनला वीज गेली. चार वाजता ते लोक गाडीत एसी लावून बसले होते आणि पाचला निघून गेले. पैसे परत केले, तरी एका ताऱ्याचा रिव्ह्यू आजही तिथेच आहे, आणि त्यातला शब्द न् शब्द खरा आहे.

आपला खरा हंगाम दिवाळीपासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा. डिसेंबर-जानेवारीत इथे रात्री कडाक्याची थंडी पडते आणि बाहेरच्या माणसाला याचा पत्ताच नसतो. खान्देश म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे ऊनच येतं. तेव्हा जॅकेट घालून शेकोटीला बसलेल्या पोरांचा फोटो टाका, वर त्या पहाटेचं तापमान लिहा. आमचा सगळ्यात जास्त पुढे पाठवला गेलेला फोटो थर्मामीटरचा आहे.

दुसरा छोटा हंगाम जुलैअखेर ते सप्टेंबर. सातपुडा हिरवा होतो, मनुदेवीचा धबधबा वाहतो, पाटणादेवीकडे केदारकुंड आणि धवलतीर्थ वाहतात. पण काळ्या मातीत तंबू असतील तर त्या महिन्यांत तुम्ही पाहुण्यांना चिखल विकताय हे ध्यानात ठेवा. मुरूम टाकून पायवाट केल्याशिवाय पावसाळ्याची एकही पोस्ट टाकू नका. तोरणमाळवाल्यांची गोष्ट वेगळी. ते अकराशे मीटरांहून उंच बसलेत, त्यांनी मे खुशाल विकावा.

आमच्या जागेत खास असं काही नाही. नदी नाही, डोंगर लांब आहे. विकायचं काय?

तंबू तर कुणीही विकत आणून उभा करतो. पाहुणा दोन-तीन तास गाडी चालवून कशासाठी येईल, एवढंच शोधायचं, आणि ते बहुतेक वेळा आपल्याला रोजचं म्हणून दिसत नाही.

आमच्याकडे ते भरीत निघालं. हिवाळ्यात बामणोदची हिरवी, मोठी वांगी तुरीच्या काड्यांच्या जाळावर भाजायची, सालं काढून लाकडी भांड्यात ठेचायची, वरून मिरची, लसूण, दाणे, कांद्याची पात, आणि सोबत कळण्याची पुरी नाहीतर भाकरी. जळगावकडच्या माणसाला भरीत पार्टी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही, शेतात शंभर माणसांची पार्टी आपण सहज करतो. पण इंदूरच्या पाहुण्याने हे कधी पाहिलेलं नसतं. आम्ही वांगी भाजायचं काम पाहुण्यांच्याच हातात दिलं. हात काळे, डोळ्यांत धूर, पोरं खूश. जळगावच्या भरीत वांग्याला आणि केळीला भौगोलिक मानांकन आहे हे जेवताना सांगितलं की लोक घास थांबवून वांग्याकडे बघतात. फोटोत आता तंबू मागे असतो आणि पुढे जाळ.

तुमच्याकडे काय असेल ते तुमच्या गावावर आहे. काही दिशा सांगतो.

चाळीसगावच्या बाजूला असाल तर आकाश विका. पाटणादेवीच्या परिसराचं नातं भास्कराचार्यांशी आहे. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास चालावा म्हणून तेराव्या शतकाच्या सुरुवातीला इथे मठ काढला आणि तसा शिलालेख इथल्या देवळात आहे. जिथे आठशे वर्षांपूर्वी ग्रहगणित शिकवलं जायचं तिथे अमावास्येच्या आसपास तारे बघायला बोलवा. याहून चांगली ओळ कुठला जाहिरातवाला लिहून देणार? पंचांग काढा, नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या अमावास्या लिहून घ्या, त्याला लागून येणारे शनिवार "ताऱ्यांची रात्र" म्हणून आधीच जाहीर करा. 13-14 डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतून उल्का पडताना दिसतात. चंद्र नसेल त्या वर्षी तो मोठा सोहळाच. एक दुर्बीण आणि भूगोल-विज्ञान शिकवणारे एक हौशी मास्तर एवढं पुरतं. फक्त आसपास गौताळा अभयारण्य आहे. रात्रीची जंगलफेरी, प्राणीदर्शन असलं काही कबूल करू नका. आत जायचं तर वनखात्याच्या वेळा आणि परवानगी पाळूनच.

जळगाव ते अजिंठा सुमारे 60 किलोमीटर. पहूर-वाकोदच्या पट्ट्यात तंबू असतील तर अजिंठा बघायला आलेल्या माणसाला मुक्काम विका, सकाळी लवकर नाश्ता बांधून द्या. आणि लेणी सोमवारी बंद असतात हे रविवारी रात्रीचं बुकिंग घेतानाच सांगा. सांगितलं नाही तर लेण्यांच्या दारातून परत आलेला माणूस राग तुमच्यावरच काढतो.

शहाद्याकडे असाल तर मार्गशीर्षात, दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो. तेव्हा आसपास खोली मिळत नाही. तुमचे तंबू तासाभराच्या अंतरावर असले तरी भरतील, पण तारखा तीन महिने आधी जाहीर हव्यात. अमळनेर, चांगदेव, मुक्ताईनगर, पद्मालय या बाजूंना देवदर्शनाचं गिऱ्हाईक असतं. त्यांना तंबूचं कौतुक कमी आणि गरम पाण्याचं जास्त.

यातलं काहीच जवळ नसेल तरी केळीची बाग, ठिबक, घड उतरवायची घाई, ट्रक भरणं हे शहरातल्या पोराला सर्कशीइतकं नवं आहे. काढणीचा दिवस ठरला की व्हॉट्सअ‍ॅपवर टाका.

नाव काय ठेवावं?

उच्चारता येईल, मोबाइलवर टाकता येईल आणि दुसऱ्या कुणाचं नसेल असं. आधी गुगलवर टाकून बघा. "रिव्हर व्ह्यू", "ग्रीन व्हॅली" शेकड्याने आहेत. गावाचं नाव सोबत जोडलं तर उत्तम. माझ्या मित्राने मोठ्या प्रेमाने "धाबं" नाव ठेवलं होतं, आपल्या जुन्या मातीच्या छताच्या घराची आठवण म्हणून. हायवेवरून जाणारे लोक फोन करून दाल तडका विचारायचे. वर्षभरात पाटी बदलली.

फोटो फोटोग्राफरकडून काढायचे की मोबाइलवर?

आठ-दहा फोटो एकदा चांगल्या माणसाकडून काढून घ्या, लग्नाचे फोटो काढणारा तालुक्याचा पोरगाही चालतो. फक्त रंग भडक करू नकोस असं त्याला दोनदा सांगा. बाकी रोजचे मोबाइलवर. सूर्य उगवताना आणि मावळल्यावर पंधरा-वीस मिनिटं तंबूत दिवा लावून काढलेला फोटो कधी फसत नाही.

सगळ्यात महत्त्वाचा फोटो मात्र संडास-बाथरूमचा. हसू नका. कुटुंबाचं बुकिंग करायचं की नाही हे बहुतेक घरांत बाई ठरवते, आणि तिचा पहिला प्रश्न तोच असतो. कोरडी फरशी, कमोड, बादली, गिझर, आतून लागणारी कडी, हे सगळं एका फोटोत दिसू द्या. हा फोटो आम्ही दुसऱ्या नंबरला टाकला तेव्हापासून फोनवरचे निम्मे प्रश्न संपले.

ड्रोन उडवायचा असेल तर त्याचे नियम आणि परवानगी आधी बघा. अभयारण्याच्या जवळ तर मोहच धरू नका.

गुगल मॅपवर यायला काय करावं लागतं? एजंट पैसे मागतोय.

पैसे देऊ नका. गुगल बिझनेस प्रोफाइल फुकट आहे आणि तुम्ही स्वतः करू शकता. आमच्या अनुभवात पाहुणे आणणारी सगळ्यात कामाची गोष्ट हीच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी पाटी लावा, मग प्रोफाइल काढा. पडताळणीसाठी गुगल आजकाल बऱ्याचदा व्हिडिओ मागतं. त्यात रस्ता, पाटी, जागा आणि ती तुमच्या ताब्यात आहे हे दिसावं लागतं. कुलूप उघडून आत जाताना दाखवलं की झालं. नाव पाटीवर आहे तेच टाका. नावापुढे "बेस्ट फॅमिली रिसॉर्ट जळगाव" अशी शेपटी जोडली तर प्रोफाइल बंद होऊ शकतं. प्रकारात कॅम्पग्राउंड किंवा फार्मस्टे निवडा.

शेताला पत्ता नसतो, गट नंबर असतो, आणि गट नंबरवर कुणाची गाडी येत नाही. यासाठी गुगलचा प्लस कोड वापरा. नकाशावर बोट दाबून धरलं की तो मिळतो आणि कुणालाही पाठवता येतो. पिन कुठे टाकता हे नीट बघा. मी ती हौसेने तंबूवरच टाकली होती. गुगलने नाशिकच्या एका पाहुण्याला पाटचारीच्या कच्च्या रस्त्याने थेट केळीच्या बागेत घातलं. रात्री नऊला ट्रॅक्टरने गाडी ओढून काढली. दुसऱ्या दिवशी पिन डांबरी रस्त्यावरच्या फाटकावर नेऊन ठेवली. शिवाय शेवटच्या तीन किलोमीटरचा व्हिडिओ बनवून ठेवलाय, कुठल्या निंबाला डावीकडे वळायचं त्यासकट. बुकिंग झालं की तो जातो.

रिव्ह्यूसाठी निघतानाच सांगायचं, गाडीत बसण्याआधी. सूट देऊन किंवा पैसे देऊन रिव्ह्यू घेणं गुगलच्या नियमांत बसत नाही, आणि भाच्या-पुतण्यांचे पाच तारे लोकांना लांबूनही ओळखू येतात. आम्ही एवढंच म्हणतो, "जेवणाबद्दल दोन ओळी लिहा, आईला वाचून दाखवायच्यात." आणि वाचून दाखवतोही.

इन्स्टाग्रामवर रोज रील टाकावी लागते का?

रोज टाकाल तर शेती कोण करेल? आठवड्याला दोन पुरतात. ड्रोनमधून दिसणारे तंबू आणि वर हिंदी गाणं ही रील सगळ्यांची सारखीच दिसते. आमची चाललेली रील आईची आहे. ती खापरावर मांडा टाकते आणि मला अहिराणीत झापते. आवाज मूळचाच ठेवला. लोकांनी विचारलं, या ताई भेटतील का? तेव्हापासून आई संध्याकाळी जरा नीट साडी नेसते.

इन्स्टाग्रामवरून हजारो लोक बघतात आणि दोघे येतात, गुगलवरून शंभर बघतात आणि पाच-सहा येतात, असा आमचा ढोबळ अनुभव. दोन्ही लागतात, कारण गुगलवर सापडलेला माणूस पुढे इन्स्टाग्रामवर येऊन खात्री करतो.

एक इन्फ्लुएन्सर दोन रात्री फुकट राहायला मागतोय. देऊ का?

त्याचे फॉलोअर कुठल्या शहरातले आहेत हे विचारा, आणि खात्याचा स्क्रीनशॉट मागा. दिल्ली-लखनौचे लाखभर असले तरी तुमच्या कामाचे नाहीत. जळगावात खाण्याच्या जागा दाखवणारी, दहा-बारा हजार फॉलोअरवाली मुलगी त्यापेक्षा बरी. बोलवा, पण मधल्या वारी, आणि काय काय टाकणार ते व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. सोबत सहा मित्र आणले तर त्यांचं बिल होईल हेही आधीच लिहा.

बुकिंगच्या मोठ्या ॲपवर नाव टाकावं का? कमिशन फार घेतात म्हणे.

घेतात. साधारण पंधरा टक्के, कधी त्याहून जास्त. तरी पहिली दोन वर्षं टाका. अनोळखी जागेला तिथल्या रिव्ह्यूंमुळे भरवसा मिळतो, आणि अजिंठ्याला येणारा परदेशी पाहुणा तुम्हाला दुसरीकडे शोधणारही नाही. (परदेशी पाहुणा आला तर 24 तासांत त्याची माहिती ऑनलाइन कळवणं बंधनकारक आहे, हे विसरू नका.) कमिशन जाहिरातीच्या खर्चात धरा. एक तंबू मात्र नेहमी ॲपबाहेर ठेवा, जुन्या पाहुण्यांसाठी. आणि दोन ठिकाणी एकच तंबू एकाच रात्री विकला जाणार नाही यासाठी कॅलेंडर रोज रात्री बघा. हा घोळ आमच्याकडे एकदाच झाला, त्या रात्री मी आणि बायको ट्रॅक्टरच्या शेडमध्ये झोपलो.

भाव किती ठेवावा? शेजारच्याने हजाराला तंबू लावलाय.

त्याच्याकडे बघू नका, वहीकडे बघा. समजा दोघांचा मुक्काम, दोन जेवणं, चहा-नाश्ता मिळून 3,500 रुपये घेता. त्यातून किराणा-भाजी-दूध 700, चादरी-टॉवेल धुणं 150, कामाच्या माणसाची मजुरी 500, वीज-लाकूड-गॅस 200, ॲपवरून आला तर कमिशन 525. उरले 1,425. यातूनच तंबूचं कापड पाच-सात वर्षांनी बदलायचंय आणि चार महिने बंदही ठेवायचंय. हजारात हे बसतं का, तुम्हीच सांगा.

भाव एकदा ठरला की उतरवू नका, त्याऐवजी काहीतरी वाढवा. मधल्या वारी येणाऱ्याला आम्ही दर तोच ठेवतो आणि घरी न्यायला केळीची एक फणी, सव्वा किलो बिबडे (ज्वारीचे पापड) असं बांधून देतो. लहान मुलांचा दर, जादा गादीचा दर, आणि ड्रायव्हरचं जेवण-झोपणं कुठे, हे तिन्ही आधी लिहून ठेवा. सुरत-इंदूरचे लोक ड्रायव्हर घेऊन येतात. त्याला खाट आणि गरम जेवण नीट मिळालं तर पुढचा पाहुणा तोच आणतो. आमच्याकडचे निदान तीन मोठे ग्रुप ड्रायव्हरांनी आणलेत.

लोक फोन करतात, भाव विचारतात आणि ठेवून देतात.

कारण आपण फक्त भाव सांगतो. आधी तुम्ही विचारा: किती जण, लहान मुलं आहेत का, कुठून निघणार? मग काय काय मिळेल ते, आणि शेवटी आकडा. फोन ठेवल्यावर पाच मिनिटांत व्हॉट्सअ‍ॅपवर चार फोटो, दर आणि प्लस कोड गेला पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये तयार उत्तरं साठवता येतात, त्यामुळे शेतात पाणी भरतानाही हे जमतं.

जे नाही तेही याच मेसेजमध्ये लिहा. आमच्या मेसेजमधल्या ओळी अशा आहेत: मोबाइलला एकाच कंपनीची रेंज येते. स्विमिंग पूल नाही. रात्री वीज जाऊ शकते, इन्व्हर्टरवर पंखा-दिवा चालतो. पहाटे भोंगा आणि कोंबडा दोन्ही ऐकू येतात. या ओळी वाचून काही लोक गळतात. ते येऊन गळण्यापेक्षा बरं. अर्धे पैसे आगाऊ घेतल्याशिवाय तंबू राखू नका, विशेषतः डोंगरात रेंज नसेल तर, कारण तिथे यूपीआय चालेल याची खात्री नसते.

बिबट्या येतो का, असं विचारतात. काय सांगू?

खरं सांगा. केळीच्या पट्ट्यात बिबट्या दिसतो हे पेपरात येतच असतं. अंधार पडल्यावर मुलांना एकटं सोडू नका, वाटेवर दिवे आहेत, माणूस रात्रभर जागा असतो, एवढं शांतपणे सांगायचं. पण "बिबट्याच्या राज्यात मुक्काम" अशी जाहिरात करू नका. कुणीतरी तो बघायला रात्री टॉर्च घेऊन निघेल.

पाहुण्यांसाठी आदिवासी नाच ठेवला तर चालेल?

माझं मत विचाराल तर नको. पावरा, भिल्ल, तडवी हे आपले शेजारी आहेत, ढोल त्यांच्या सणाचा आहे. जेवताना करमणूक म्हणून शंभर-दोनशे रुपयांत नाचवणं डोळ्यांना बरं दिसत नाही आणि आता पाहुण्यांनाही ते खटकतं. होळीआधीच्या आठवड्यात भोंगऱ्या बाजार भरतात. पाहुण्यांना तिथे न्यायचं असेल तर गावातल्या ओळखीच्या माणसाला सोबत घ्या, त्याला त्याचे पैसे द्या, आणि बायका-मुलींचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका हे गाडीतच सांगा.

पोरांचे ग्रुप दारू आणि डीजेसाठी विचारतात. पैसे चांगले देतात.

देतात. गुजरातेत दारूबंदी असल्याने सीमेलगतच्या जागांना हा फोन ठरलेला. एक रात्र त्यांना दिली तर पुढच्या सहा महिन्यांची कुटुंबं गेली, कारण त्याच रात्री शेजारच्या तंबूत कुणाची तरी आजी झोपलेली असते. आणि तुमच्याकडे दारूचा परवाना नसतो, तेव्हा पोलीस आले तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. आम्ही पाटीवर आणि मेसेजमध्ये लिहून टाकलंय: रात्री दहानंतर फक्त रातकिडे. ज्यांना समजायचं त्यांना समजतं.

परवान्यांचा आणि मार्केटिंगचा काय संबंध?

कंपन्यांचे ग्रुप आणि शाळांच्या सहली कागद मागतात, एवढाच संबंध, पण तो मोठा आहे. राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 चं आहे, त्याखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होते. अन्नपदार्थांची नोंदणी, ग्रामपंचायतीचं पत्र, पोलीस ठाण्याला माहिती, हेही करून घ्या. धडगाव-अक्कलकुव्याकडे कुणाची जमीन भाड्याने घेणार असाल तर आधी तहसीलमध्ये विचारा. आदिवासी जमिनीचे नियम कडक आहेत आणि ते बरोबरच आहे.

सोमवार ते गुरुवार तंबू रिकामे असतात.

आमचेही. पूर्ण उपाय सापडलेला नाही. थोडा फरक पडला तो दोन गोष्टींनी. एक, भुसावळ-जळगावच्या निवृत्त मंडळींचे गट, भिशीची बायकांची मंडळं. त्यांना शनिवार-रविवारची गर्दी नकोच असते, ती दुपारी येतात, गातात, भरीत खातात, रात्री राहतात किंवा परत जातात. दोन, शाळेच्या एका दिवसाच्या सहली, मुक्काम नाही, फक्त शेत आणि जेवण. लॅपटॉपवर काम करणारे लोक येतील म्हणून मी वाय-फाय बसवला. वर्षभरात तिघे आले.

फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिरातीवर किती पैसे घालू?

गुगलवर वीस-पंचवीस खरे रिव्ह्यू येईपर्यंत शून्य. जाहिरात बघून माणूस तिथेच तपासायला जातो आणि रिकामं प्रोफाइल बघून परत फिरतो. त्यानंतर पोस्टखालचं बूस्टचं बटण न दाबता थेट व्हॉट्सअ‍ॅप उघडणारी जाहिरात करा, शहर एकच निवडा, दिवाळीआधी तीन आठवडे आणि डिसेंबरच्या सुरुवातीला. दिवसाला दोन-तीनशे रुपये पुरतात. आलेले मेसेज आणि झालेली बुकिंगं वहीत लिहा. आमचं इंदूर चाललं, नाशिक चाललं नाही. का, ते अजून कळलेलं नाही.

आलेला पाहुणा परत यावा म्हणून काय करता?

नंबर नावासकट साठवतो, आणि त्यांनाही आमचा नंबर साठवायला लावतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीतला मेसेज ज्यांनी तुमचा नंबर साठवलाय त्यांनाच पोचतो, आणि एका यादीत 256 जणच बसतात. वर्षातून चारच मेसेज जातात. पहिला पाऊस पडला की एक. वांगी आली की एक. कानबाईला आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला), या आपल्या दोन सणांना, शुभेच्छा, त्यात विक्री काही नाही. रोजच्या सुप्रभाताने लोक तुम्हाला म्यूट करतात.

वांगी आल्याचा मेसेज यंदा नोव्हेंबरात सकाळी सात वाजता टाकला. फोटोत फक्त टोपलं आणि त्यावर दव. दुपारपर्यंत तीन शनिवार भरले. चौथ्यासाठी भुसावळच्या एक काकू भांडत होत्या, की मागच्या वर्षी त्यांच्या ह्यांनी वांगी जाळली म्हणून या वर्षी त्यांना परत भाजायला द्यायचीच.